वीजबिलाला लोकपाल आहे, बातमीला कोण?

नागपुरात विजेचं बिल अवाच्या सवा आलं आणि वितरण कंपनीने दाद दिली नाही, तर माणूस ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जातो. तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे. हा लोकपाल जसा मुंबईत आहे तसा नागपुरातही आहे. बँकेने खात्यातून भलतेच पैसे कापले, तर रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना १९९५ पासून चालू आहे. सरकारी कारभारात अन्याय झाला तर लोकायुक्त आहेत. १९७१ चा कायदा करून लोकायुक्त नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. या व्यवस्थांची बाजू घेऊन अग्रलेख लिहिले ते वर्तमानपत्रांनीच. २०११ साली अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले, तेव्हा लोकपालासाठी पानंच्या पानं त्यांनीच दिली. आणि त्याच वर्तमानपत्रात तुमच्याविषयी खोटं छापून आलं, तर जायचं कुठे, हे मात्र कुठल्याही पानावर छापलेलं नसतं.

शेवटच्या पानाच्या तळाशी, भिंग घेऊन वाचावी अशा टाइपात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची, आणि अमुक न्यायालयाच्या कक्षेत वाद चालतील. वाचकाशी वर्तमानपत्राचा करार म्हणावा तर तो एवढाच. त्यातही कोर्टाचा पत्ता आहे, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नागपुरातून निघणाऱ्या मराठी दैनिकांनी वाचकांचा लोकपाल नेमावा. मंत्र्यांच्या, आमदारांच्या तक्रारी ऐकायला नव्हे. त्यांना संपादकाचा मोबाइल नंबर पाठ असतो. आतल्या पानावर सिंगल कॉलमात ज्याची अब्रू जाते, त्या माणसासाठी नेमावा.

आज त्या माणसापुढे असलेले रस्ते बघा. पहिला कोर्टाचा. अब्रूनुकसानीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हे हत्यार परवडतं कुणाला? वकील लावता येतो, तारखांवर माणूस पाठवता येतो, अशांना. म्हणून हे कलम बहुधा बलदंड लोक पत्रकारांवर चालवताना दिसतात, गरीब माणूस वर्तमानपत्रावर चालवताना क्वचितच.

दुसरा रस्ता प्रेस कौन्सिलचा. १९६६ मध्ये ते सुरू झालं, आणीबाणीत गुंडाळलं गेलं, १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभं राहिलं. तिथे जायचं तर आधी संपादकाला पत्र लिहायचं, त्याची प्रत ठेवायची, दैनिकाच्या बाबतीत दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची, हे प्रकरण कोर्टात प्रलंबित नाही असं लिहून द्यायचं आणि कागद दिल्लीला पाठवायचे. सगळं जमलं, चौकशी समितीने तुमच्या बाजूने निकाल दिला, तर कौन्सिल काय करू शकतं? इशारा देतं, कानउघाडणी करतं, निषेध नोंदवतं. दंड नाही, भरपाई नाही. दंडाचे अधिकार सरकारने नेमलेल्या संस्थेला नसावेत, हे मला पटतं. आणीबाणी पाहिलेल्या देशात तरी नसावेतच. पण मग उरतं काय? संपादकाच्या नावे पत्र. ते छापलं तर ‘खुलासा’ म्हणून, तळाच्या कोपऱ्यात, आणि शेवटी एक ओळ जोडून: आमचे प्रतिनिधी आपल्या वृत्तावर ठाम आहेत.

या सगळ्याचं मूळ कळायला रात्रीच्या डेस्कवर डोकवावं लागतं. समजा, वाठोड्यातल्या एका ऑटोचालकाला मोबाइलचोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलं. संध्याकाळी पोलिसांची प्रेसनोट गुन्हे बीट सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडते. तिच्यात ‘संशयित’ असं लिहिलेलं असतं. बातमी चार दैनिकांत थोड्याफार फरकाने एकसारखीच जाते, कारण चौघांकडे आधार एकच. पान सुटायला वीस मिनिटं उरलेली असतात आणि मथळा तीन शब्दांत बसवायचा असतो, म्हणून ‘संशयित’चा ‘चोरटा’ होतो. त्याच्यामागे ‘अट्टल’ कुठून येऊन चिकटतं, हे मात्र मला आजवर कुणीही समजावून सांगू शकलेलं नाही. फोटो ठाण्यातूनच आलेला असतो. दोन दिवसांनी त्याला सोडून देतात, आणि सोडून दिल्याची प्रेसनोट निघत नाही.

मग तो पेपर पानठेल्यावर दिवसभर फिरतो. ऑटोस्टँडवर, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी, घरमालकाच्या ओसरीवर. त्याने सांगून पाहिलं की खोटं आहे, तर उत्तर ठरलेलं: ‘पेपरात आलं ना बाप्पा, उगाच थोडी छापते ते!’ छापील शब्दावरचा हा विश्वास विदर्भात अजून शिल्लक आहे. वर्तमानपत्रांची खरी पुंजी ती, आणि चुकीची बातमी सर्वांत जास्त घाव घालते तीही त्याच विश्वासामुळे.

आता असं धरू, की संपादक भला आहे आणि चूक दुरुस्त करायला तयार आहे. तरी गोष्ट सोपी नाही. नागपूरच्या दैनिकांच्या डाक आवृत्त्या आधी निघतात, गाड्या गडचिरोली-चंद्रपूरकडे रवाना होतात, शहर आवृत्ती मागाहून छापली जाते. जिल्ह्याजिल्ह्याची पानं वेगळी. चूक एका आवृत्तीत झालेली असते आणि शुद्धिपत्र दुसऱ्याच आवृत्तीत जातं. म्हणजे ज्या गावात माणसाचं नाव खराब झालं तिथे दुरुस्ती पोहोचतच नाही, आणि जिथे दुरुस्ती छापली तिथल्या वाचकाला कळत नाही की हे कशाबद्दल आहे. यात कुणाचा डाव नसतो. चूक कोणत्या पानावर, कोणत्या आवृत्तीत गेली आणि दुरुस्तीही तिथेच गेली का, हे बघणं हे कचेरीत कुणाचंच काम नसतं.

हे काम कुणाचं तरी असावं, ही कल्पना जुनी आहे. जपानच्या असाही शिम्बुनने १९२२ मध्येच वाचकांच्या तक्रारी तपासायला समिती बसवली. अमेरिकेत लुइव्हिलच्या दैनिकाने १९६७ मध्ये लोकपाल नेमला. स्वीडनने १९६९ पासून सगळ्या वृत्तपत्रांसाठी मिळून एक लोकपाल ठेवला. तिथे निकाल विरुद्ध गेला तर वृत्तपत्राला तो छापावा लागतो आणि वर शुल्कही भरावं लागतं. लंडनच्या गार्डियनने १९९७ मध्ये वाचकांचा संपादक नेमला. त्याला काढायचं तर ते संपादकाच्या हातात नाही, मालकी असलेल्या स्कॉट ट्रस्टच्या हातात आहे. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाने १९८९ च्या सुमारास माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांना लोकपाल केलं. द हिंदूने २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचकांचे संपादक म्हणून नेमलं आणि त्यांचे अधिकार काय, हे वाचकांसमोर मांडलं. मराठी दैनिकांत मात्र ही प्रथा रुजली नाही.

लोकपाल नेमका काय करतो, याचा उत्तम नमुना वॉशिंग्टन पोस्टचा. सप्टेंबर १९८० मध्ये जॅनेट कुक या बातमीदार स्त्रीने हेरॉइनच्या व्यसनात सापडलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी पहिल्या पानावर लिहिली. शहर हादरलं, पोलिसांनी मुलगा शोधायला जंग जंग पछाडलं, मुलगा काही सापडेना. एप्रिल १९८१ मध्ये त्या कहाणीला पुलित्झर मिळालं आणि लगेच उघड झालं की असा मुलगा नव्हताच. पारितोषिक परत केलं गेलं. इथवर ही एका बातमीदाराच्या लबाडीची गोष्ट आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही कचेरीत ती तिचा राजीनामा घेऊन संपली असती. पोस्टचे लोकपाल बिल ग्रीन यांनी मात्र आपल्याच कचेरीतल्या माणसांना एकेक करून बसवलं आणि विचारलं: मुलाचं नाव कुणी विचारलं होतं? पत्ता कुणी तपासला? शंका कुणाला आली होती, आणि ती कुणी दाबली? शहर विभागाचे प्रमुख तेव्हा वॉटरगेट फोडणारे बॉब वुडवर्ड होते. त्यांनाही प्रश्नांतून सूट मिळाली नाही. तो अहवाल त्याच वर्तमानपत्रात पहिल्या पानावर सुरू होऊन आत पानोपानी छापला गेला. बातमीदार खोटं बोलली हे आधीच कळलं होतं. ते खोटं वरच्या चार टेबलांवरून सुखरूप पुढे कसं गेलं, हे अहवालाने सांगितलं.

हे वाचताना विदर्भातल्या माणसाला खैरलांजी आठवल्याशिवाय राहत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या काही बातम्यांत ते प्रकरण अनैतिक संबंधांतून घडलेलं हत्याकांड म्हणून आलं. एका मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले आणि जातीचा प्रश्न बातमीत आलाच नाही. नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे त्या चार मृत्यूंचं वजन वृत्तपत्रांना जाणवलं. पुढे न्यायालयांत काय सिद्ध झालं आणि काय नाही, त्यावर वाद आहेत आणि राहतील. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. ‘अनैतिक संबंध’ हे शब्द कुणाच्या तोंडून आले, कुणाच्या नोंदीतून उचलले, डेस्कवर कुणी ते जसेच्या तसे जाऊ दिले, आणि गावात कोण, किती दिवसांनी पोहोचलं? खैरलांजीवर लेख आले, पुस्तकं आली, मोर्चे निघाले. पण आमच्या पहिल्या बातम्या अशा का झाल्या, याचा छापील जबाब वृत्तपत्रांनी वाचकाला दिला नाही. कारण तो प्रश्न विचारायला आत कुणी नेमलेलंच नव्हतं. ज्या नागपुरात १९५६ चं धर्मांतर झालं, त्या शहराच्या वृत्तपत्रांत हे घडलं, म्हणून ते जास्त लागतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो. ज्यांनी हे सुरू केलं त्यांनीच ते बंद केलं, मग आपण कशाला? खरं आहे. वॉशिंग्टन पोस्टने २०१३ मध्ये लोकपाल बंद केला. न्यूयॉर्क टाइम्सने २००३ मध्ये आपलाच बातमीदार जेसन ब्लेअर याच्या बनावट बातम्यांनी तोंडघशी पडल्यावर हे पद निर्माण केलं आणि २०१७ मध्ये मोडीत काढलं. तेव्हा कारण दिलं ते असं, की समाजमाध्यमांवरचे वाचक मिळून आता पहारेकरी झाले आहेत. न्यूयॉर्कला ते लागू पडत असेल. त्या दैनिकाचा एक शब्द चुकला तर तासाभरात हजार प्राध्यापक त्यावर तुटून पडतात. वाठोड्याच्या ऑटोचालकावरच्या सिंगल कॉलम बातमीवर कोण तुटून पडणार? ती चुकलीय हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच, आणि त्याच्या बाजूने ट्वीट करणारं कुणी नाही. उलट तीच बातमी ई-पेपरचं कात्रण होऊन वस्तीच्या ग्रुपवर फिरते. समाजमाध्यमांचा पहारा मोठ्या बातमीवर असतो. म्हणून राष्ट्रीय दैनिकाला लोकपालाची गरज कमी वाटली तर समजू शकतं. प्रादेशिक दैनिकाची गरज त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि मला तो सहज झटकता येत नाही. पगार मालकाचा, तर न्याय कुणाचा? डॉ. आंबेडकरांनी १९४३ मध्ये पुण्याच्या भाषणात म्हटलं होतं की भारतात पत्रकारिता एके काळी पेशा होती, आता ती व्यापार झाली आहे. तो व्यापार आता कितीतरी पुढे गेलाय. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यातल्या दैनिकांत उमेदवारांच्या स्तुतीचे मजकूर बातमीच्या वेशात आले, एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत आला, आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. तिने २०१० मध्ये नावानिशी ७१ पानी अहवाल दिला. कौन्सिलने तो आखडून छापला. पूर्ण अहवाल माहिती आयोगाचा आदेश झाल्यावर २०११ मध्ये बाहेर आला. सर्वांचं आयुष्य माहितीच्या अधिकाराखाली आणणाऱ्या व्यवसायाचा स्वतःचा अहवाल माहितीच्या अधिकारानेच बाहेर काढावा लागला. वृत्तपत्रांचे मालक-प्रतिनिधी बसलेली अख्खी वैधानिक संस्था जिथे कचरली, तिथे कचेरीतला एकटा लोकपाल काय करील?

मालकाला वेसण घालण्याची अपेक्षा लोकपालाकडून करूच नये, असं माझं मत आहे. राजकारणी वर्तमानपत्राचे मालक आणि वर्तमानपत्राचे मालक राजकारणी, हे विदर्भाला नवं नाही. ते लोकपालाने बदलणार नाही. पण हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, किंवा कुणा नेत्याच्या वाढदिवसाला, ज्या अभीष्टचिंतनाच्या पुरवण्या निघतात त्या बघा. विकासपुरुष, कार्यसम्राट, जनसामान्यांचा आधारवड. मांडणी बातमीची, फॉन्ट बातमीचा, आणि ‘प्रायोजित’ हा शब्द कुठल्या तरी कोपऱ्यात मुंगीएवढा. पुरवणी काढू नका, असं लोकपाल सांगू शकणार नाही. ही जाहिरात आहे, पैसे घेऊन छापली आहे, आणि ते वाचकाला कळेल एवढ्या टाइपात लिहिलेलं नाही, असं तो आपल्या सदरात लिहू शकेल. पुढच्या वर्षी टाइप मोठा झाला तरी बरंच पदरात पडलं म्हणायचं.

त्याला दुसरीकडेही बघावं लागेल. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं मिळतं. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, आणि पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळीला जाहिरातींचं टार्गेट. ज्या सरपंचाकडून, ज्या कंत्राटदाराकडून तो शुभेच्छांची जाहिरात आणतो, त्याच्याच रस्त्याच्या कामाची बातमी त्याने लिहायची आहे. ठाणेदाराशी बिनसलं तर उद्याची प्रेसनोट बंद. अशा माणसाची चूक सापडली की त्याला काढून टाकायचं आणि हात झटकायचे, ही मुख्य कचेरीची जुनी सवय. लोकपालाने तेवढंच केलं तर तो न्याय नव्हे. टार्गेट कुणी दिलं, हे त्याला वरच्या मजल्यावर जाऊन विचारता आलं पाहिजे. तिथे त्याची कसोटी लागेल.

सरकारने मधल्या काळात आपल्या परीने एक खुंटी ठोकली आहेच. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, चोवीस तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते, पंधरा दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. त्यावरचा थर प्रकाशकांच्या स्वनियमन संस्थेचा, आणि सर्वांत वरचा सरकारचा. त्यातल्या काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, आणि ते योग्यच झालं. पण आज वेबसाइटच्या तळाशी जो अधिकारी दिसतो तो कचेरीचाच नोकर, आणि त्याचा निर्णय तक्रारदाराच्या इनबॉक्समध्ये जिरून जातो. इतर वाचकांना त्याचा पत्ता लागत नाही, डेस्कवरच्या नव्या पोरांना त्यातून शिकायला मिळत नाही. वृत्तपत्रांनी आपला दरवाजा स्वतः उघडला नाही तर सरकार आपल्या मापाचा दरवाजा बसवून देईल, याची ही चुणूक आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, आणि तो हवाच होता. त्या लढ्यात वाचक आपल्या बाजूने असावा असं वाटत असेल, तर त्यालाही काही द्यायला लागेल.

नेमायचा कुणाला? निवृत्त न्यायमूर्ती नको. नाव मोठं होतं, पण डाक आवृत्ती म्हणजे काय इथून त्यांना शिकवावं लागतं. निवृत्त संपादकही नको. तो संध्याकाळी धंतोलीत पत्रकार भवनाच्या कार्यक्रमात त्याच लोकांच्या मांडीला मांडी लावून बसणार. आयुष्यभर डेस्कवर पानं लावलेला, मथळे तोडलेला, कुठे काय सटकतं हे नाकाने ओळखणारा एखादा उपसंपादक शोधावा, आणि तो दुसऱ्या दैनिकातला असावा. मुदत तीन वर्षं, मधे काढता येणार नाही आणि नंतर त्याच समूहात नोकरी मिळणार नाही, अशी लेखी अट. नाही तर त्याचा घरजावई व्हायला वेळ लागत नाही. आठवड्याला संपादकीय पानावर एक सदर, ज्यातला स्वल्पविरामही संपादक हलवणार नाही. तक्रार फोनवर, मराठीत, वऱ्हाडीत, गोंडीत करता यावी. अर्जाचा नमुना काढला की अर्धे लोक तिथेच गळतात.

खर्चाचं कारण मला पटत नाही. पगार एका माणसाचा आणि जागा एका सदराची. तरीही जड वाटत असेल, तर स्वीडनसारखं नागपूरच्या चार-पाच दैनिकांनी मिळून एक नेमावा. विक्रीच्या स्पर्धेत असलेली दैनिकं एका टेबलावर बसणार नाहीत, असं मला अनेकांनी हसून सांगितलं आहे. कागदाच्या भावावर आणि सरकारी जाहिरातींच्या दरांवर ती बसतातच की.

सुरुवात करायला एक काम तर आजच्या आजही करता येईल, लोकपाल नेमायचीही वाट न बघता. दैनिकाच्या वेबसाइटवर गेल्या काही वर्षांतल्या अटकेच्या बातम्या नाव-फोटोसह पडून आहेत. त्यातले किती जण पुढे निर्दोष सुटले, हे न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. शोधावं, आणि त्या जुन्या बातमीच्या माथ्यावर निकालाची तारीख घालून एक ओळ जोडावी. एका प्रशिक्षणार्थीला दिवसाला दहा बातम्या दिल्या तरी काम पुढे सरकेल.